कमी खर्चात ख्रिसमसच्या स्टॉकिंगमध्ये काय भरावं?

तुम्ही यंदाच न्यू जर्सीला आलात. पहिलीतल्या लेकीने शाळेत ऐकून घरी स्टॉकिंग्ज, म्हणजे ख्रिसमसच्या आदल्या रात्री टांगून छोट्या भेटींनी भरायचे मोठे मोजे, टांगायचा हट्ट धरलाय. तिचं, तिच्या चार वर्षांच्या भावाचं, बाबांचं आणि पुण्याहून आलेल्या आजीचं अशी चार स्टॉकिंग्ज साठ डॉलरच्या आत कशी भरायची, असं तुम्ही विचारलंय. साठ डॉलर पुरतात. नीट ठरवलं तर पन्नासातही होतं.

मी दरवर्षी स्टॉकिंग्ज भरते आणि एकच गोष्ट बघते: वस्तू संपणारी असावी. खाऊन संपावी, वापरून संपावी, नाहीतर रोज हाताशी लागावी. डिसेंबरमध्ये दुकानांत खास स्टॉकिंगसाठी म्हणून जे ढीग मांडतात (पिटुकली प्लॅस्टिकची खेळणी, शिंगंवाले हेअरबँड, एकदा हसवणाऱ्या वस्तू), त्यातलं बरंचसं जानेवारीत सोफ्याखालून झाडून काढावं लागतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण निवडताना आपण कसा विचार करतो, की चार पैशांचं असलं तरी बाईच्या घरात ते वापरात यायला हवं? इथेही तोच विचार करा, निम्मं काम तिथेच होतं.

तळापासून सुरुवात करू. पायाच्या बोटांच्या जागी संत्रं टाका, किंवा इथे डिसेंबरात खोक्याने मिळणारी क्लेमेंटाइन नावाची छोटी संत्री. ही नुसती भरती नाही, प्रथेचा गाभाच आहे. चौथ्या शतकात मायरा गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या देम्रेजवळ, निकोलस नावाचे बिशप होते. एका गरीब बापाकडे तीन मुलींच्या लग्नात द्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी रात्री गुपचूप त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. पुढे त्या गोष्टीत, थैल्या वाळत घातलेल्या मोज्यांत पडल्या, अशी भर पडली. संत्रं हे त्या सोन्याचं रूप मानतात, आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणीही तिथूनच आली असं सांगतात. मुलीला ही गोष्ट चोवीस तारखेच्या रात्री सांगा. संत्र्याने मोज्याचं टोक छान भरतं, मोजा खाली ओढला जाऊन सरळ लटकतो, आणि सकाळी पोटात काहीतरी फळ जातं. खोकं घेतलंत तर चारही मोज्यांचं भागून घरात उरतात.

आता खर्चाहून महत्त्वाची एक गोष्ट. इथल्या बहुतेक घरांत स्टॉकिंग सांता भरतो, असं मुलांना सांगितलेलं असतं. तुम्हीही तसं सांगणार असाल, तर सांताच्या नावावर फक्त लहानसहान गोष्टी ठेवा. मोठी भेट द्यायचीच असेल तर ती आईबाबांच्या नावाने, वेगळ्या कागदात. जानेवारीत शाळा उघडली की मुलं एकमेकांना 'सांताने तुला काय दिलं' विचारतात. एका मुलाला त्याच सांताने टॅब्लेट दिला आणि दुसऱ्याला मोज्यांची जोडी, हे कळल्यावर त्या दुसऱ्या मुलाला काय वाटेल? सहा-सात वर्षांची मुलं याचा अर्थ 'मी चांगला वागलो नाही' असाच लावतात. पैसे असले तरी मी हा नियम मोडणार नाही.

मुलीच्या स्टॉकिंगसाठी माझी सगळ्यात आवडती वस्तू बँकेत मिळते आणि तिच्यावर पैसाही वाया जात नाही: दोन डॉलरची नोट. बऱ्याच लोकांना ती चलनात आहे हेच माहीत नसतं. बँकेच्या खिडकीवर मागा. बऱ्याचदा असते, नसली तर दुसऱ्या शाखेत विचारा. दोन डॉलरला दोन डॉलर. पुढच्या बाजूला थॉमस जेफरसन, मागच्या बाजूला स्वातंत्र्याचा जाहीरनामा सादर होतानाचं जॉन ट्रंबुल यांचं चित्र. ही नोट मध्ये काही वर्षं छापणं बंद होतं. १९७६ मध्ये, देशाच्या द्विशताब्दीला, ती पुन्हा आणली. पहिलीतलं मूल ती नोट शाळेत नेऊन दाखवतं, खर्च करायला अजिबात तयार नसतं. तिच्यासोबत सुट्ट्या पैशांतून निवडलेली सात-आठ पाव डॉलरची नाणी घाला. १९९९ ते २००८ या काळात प्रत्येक राज्याचं वेगळं चित्र असलेली नाणी निघाली, ती अजून रोजच्या व्यवहारात फिरतात. न्यू जर्सीच्या नाण्यावर जॉर्ज वॉशिंग्टन नावेतून डेलावेअर नदी ओलांडताना दिसतात. नाणी जमवायचा नाद लागला, तर पुढचं वर्षभर किराण्याच्या सुट्ट्या पैशांतच तिचा खेळ चालतो.

तिच्यासाठी दुसरं म्हणजे पुस्तक. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत जुन्या पुस्तकांचं विक्रीचं कपाट किंवा वार्षिक विक्री असते, तिथे मुलांची पुस्तकं डॉलरभरात, कधी त्याहूनही स्वस्त मिळतात. पातळ पुस्तक गुंडाळी करून मोज्याच्या पोटरीत उभं बसतं. वर उड्या मारायची दोरी, चांगल्या प्रतीची रंगीत पेन्सिल किंवा दोन, केसांच्या क्लिपा, आणि एखादा पत्त्यांचा जोड. पत्ते मी प्रत्येक घराला सुचवते, कारण आजीला पत्ते येतात. सात-आठ, भिकार-सावकार, गुलामचोर हे खेळ त्या नातीला शिकवतील, आणि बाहेर बर्फ पडत असताना सुट्टीतल्या दुपारी दोघींच्या बऱ्या जातील.

चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र सावध राहा, इथे स्वस्त वस्तूच धोक्याच्या असतात. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग एका ठरावीक नळकांड्यात मावता कामा नयेत असा नियम आहे. त्या नळकांड्याचा व्यास सव्वा इंच असतो. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती जरा मोठीच असते, म्हणून उलट सुरक्षित: जे तिच्यातून आरपार जातं, ते लहान मुलाच्या घशात अडकू शकतं असं समजा. तुमचा मुलगा चार वर्षांचा असला तरी खेळण्यांच्या सुट्या भागांना मी हीच कसोटी लावेन. कडक गोळ्या, गोट्या, अख्खे दाणे त्याच्या मोज्यात नकोत. तीन गोष्टी तर घरातच आणू नका: पाण्यात टाकल्यावर फुगणारे जेलीसारखे मणी, ताकदवान छोटी चुंबकं, आणि बटण सेल सहज निघणारी कोणतीही लुकलुकती वस्तू. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम करू शकतो. सेलचं झाकण लहान मुलांना सहज उघडता येऊ नये, असा कायदा इथे २०२२ मध्ये झाला, पण ऑनलाइन येणाऱ्या अगदी स्वस्त मालात तो पाळलेला असेलच याची खात्री नसते. झाकण नखाने उघडलं, तर वस्तू परत करा.

मग त्याला काय द्यायचं? चित्रांच्या चिकटपट्ट्या! खरचटल्यावर लावायच्या, डायनोसॉर नाहीतर गाड्यांचं चित्र असलेल्या. या वयाच्या मुलांना यांचं एवढं अप्रूप असतं, की जखम नसतानाही दोन्ही गुडघे भरून टाकतात. खेळायच्या मऊ मातीचा छोटा डबा, जाड खडू, एक धातूची छोटी गाडी (दीड-दोन डॉलरच्या आत येते, आणि चाकं पक्की असतात), नवा टूथब्रश, बोटांत घालायची कापडी बाहुली. टूथब्रश आणि मोजे तुम्ही घेणारच होता. ते मोज्यात घातले की किराण्याच्या यादीतून कमी झाले, आणि मुलाला ते भेट म्हणून मिळाले. निदान दोन वस्तू अशा असाव्यात.

आजीचा मोजा भरताना मला फार आनंद झाला असता. पुण्याच्या थंडीची सवय असलेल्या बाईला इथला डिसेंबर अंगावर येतो. आतून लोकरी अस्तर असलेले, तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे घ्या. लाकडी फरशीवर पाय घसरत नाहीत. ओठांना लावायचं मलम आणि हातांच्या क्रीमची छोटी ट्यूब, कारण हीटरने त्वचा तडतडते. आठवड्याच्या गोळ्या ठेवायची सात कप्प्यांची डबी आणि वाचायचा जास्तीचा चष्मा, दोन्ही डॉलर ट्री या स्वस्त वस्तूंच्या दुकानात मिळतात (नंबर त्यांच्या आत्ताच्या चष्म्याप्रमाणे घ्या). आणि न्यू जर्सीतल्याच एडिसन गावी ओक ट्री रोडवर जाणं होत असेल, तर तिथल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानातून ओळखीचा खाऊ आणा: आंबापोळी, राजगिऱ्याची चिक्की, पार्ले-जीचा छोटा पुडा. लोकांच्या सणात आपल्या आवडीचं कुणीतरी आठवणीने ठेवलंय, हे त्यांना फार बरं वाटेल. हात गरम ठेवायच्या पुड्याही बाहेर फिरायला चांगल्या. आतली लोखंडाची पूड हवा लागली की तापते आणि कित्येक तास ऊब देते. फक्त उघड्या त्वचेवर त्या ठेवू नयेत, मधुमेह किंवा बधिरपणा असेल तर जास्तच जपावं, आणि झोपताना तर नकोच.

नवऱ्याचं सोपं आहे. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचं छोटं स्क्रॅपर, टायरची हवा मोजायचा साधा मापक, कॉफीचं लहान पाकीट, आवडीच्या तिखट सॉसची बाटली. बरेच लोक मोठ्यांच्या मोज्यात लॉटरीचं खरवडायचं तिकीट घालतात. मोठ्यांना ठीक, मुलांच्या मोज्यात कधीही नको. न्यू जर्सीत अठरा वर्षांखाली ते विकतच घेता येत नाही.

कुठे घ्यायचं? डॉलर ट्रीमध्ये पाकिटं, चष्मा, डबी, चिकटपट्ट्या, पत्ते. २०२१ च्या अखेरीस तिथली मूळ किंमत एक डॉलरची सव्वा झाली आणि आता त्याहून महाग वस्तूही असतात, तेव्हा शेल्फवरची किंमत बघा. टार्गेटमध्ये शिरल्या शिरल्या स्वस्त वस्तूंचा कोपरा असतो, तिथे पेन्सिली आणि स्टिकर बरे मिळतात. तिथली सजावटीची खेळणी सोडून द्या. खाऊचं ऑल्डी किंवा ट्रेडर जोज. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, त्यामुळे मोजे-टोप्यांची किंमत आहे तेवढीच. गोळ्या-चॉकलेटवर मात्र ६.६२५ टक्के लागतो. मोठ्या पिशव्यांतले मिश्र चॉकलेट घेऊन चौघांत वाटलं, तर सुट्ट्या महागड्या डब्यांहून खूप स्वस्त पडतं. शाळेत कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर दाण्याचा खाऊ घरीच संपवायचा, एवढं मुलीला सांगून ठेवा.

मी असे वाटे करीन: मुलांना पंधरा-पंधरा, मोठ्यांना दहा-दहा. पन्नास झाले. उरलेले दहा तुमच्या मोज्याचे आहेत. तुम्ही चार स्टॉकिंग्ज लिहिलीत, त्यात तुमचं नाही. इथल्या कितीतरी घरांत आई सगळ्यांचे मोजे भरते आणि तिचा सकाळी रिकामा लटकतो, मुलं ते बघतात आणि विचारतातही. पाचवा टांगा, ते दहा डॉलर नवऱ्याच्या हातात द्या, आणि मुलीला त्याच्यासोबत दुकानात पाठवा. आईला काय आवडतं याचा ती दुकानभर विचार करेल, आणि तो विचार करायला शिकणं तिच्यासाठी तुमच्या चारही मोज्यांहून मोठं आहे.

भरताना क्रम असा: संत्रं, मग मोजे-टूथब्रशसारखं मऊ नाहीतर आडवंतिडवं, मग पुस्तक उभं, आणि वर तोंडाशी काठीसारखी पेपरमिंटची गोळी अडकवायची. ती आठवणीने मुलाच्या मोज्यातून वगळा. सगळं गुंडाळायची गरज नाही. दोन-तीन वस्तू जुन्या मराठी वर्तमानपत्रात किंवा किराण्याच्या तपकिरी पिशवीच्या कागदात बांधा. उघडायला वेळ लागतो, आणि मुलं लवकर उठली तरी तुमचा चहा होईपर्यंत रमतात. घरात शेकोटी नसेल, तर जिन्याच्या कठड्याला किंवा भिंतीला चिकटणाऱ्या हुकांना टांगा. हुकावर किती वजन पेलतं ते लिहिलेलं असतं. संत्र्यासकट भरलेला मोजा वाटतो त्याहून जड होतो, म्हणून रात्री भरल्यावर खाली जमिनीवर टेकवून ठेवणंही चालतं.

मोजे स्वतः मात्र यंदा साधे घ्या, अगदी बाबांचे लांब लोकरी मोजेही चालतील. नाव शिवलेले, टिकाऊ, पुढची पंधरा वर्षं वापरायचे मोजे २६ डिसेंबरनंतर घ्या, तेव्हा सगळ्या दुकानांत ख्रिसमसचा माल निम्म्या किमतीला येतो आणि काही दिवसांत आणखी उतरतो.