'उर्टेक्स्ट'ला 'मूळ संहिता' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: जर्मन संगीतकार बाखच्या कीबोर्ड-रचनांच्या आवृत्त्यांबद्दल संगीत-अभ्यासकांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं मराठीत आणायची आहेत. त्यांत 'उर्टेक्स्ट' (संपादकाची भर टाळून रचनाकाराचाच पाठ देण्याचा दावा करणारी आवृत्ती) आणि 'क्रिटिकल एडिशन' हे शब्द सारखे येतात. दोन्हींसाठी 'मूळ संहिता' चालेल का?

दोन्हींसाठी तर नाहीच, आणि माझ्या मते एकासाठीही नको.

'क्रिटिकल एडिशन'ला आपल्याकडे तयार शब्द आहे: चिकित्सित आवृत्ती. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची केली तशी. उपलब्ध हस्तलिखितं ताडून पाहायची, एक पाठ स्वीकारायचा आणि नाकारलेले पाठ तळटीपेत ठेवायचे. बाखच्या संपादकांचंही काम हेच. म्हणून 'पाठभेद', 'प्रक्षिप्त' (मागाहून घुसडलेला) ही आपली शब्दसंपत्ती पत्रांत बिनधास्त वापरा. 'पाठांतर' मात्र टाळा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा तो शब्द पाठभेदाच्याच अर्थाने वापरला होता, पण आता तो घोकंपट्टीच्या ताब्यात गेला आहे.

'प्रक्षिप्त' किती चपखल बसतो ते पाहा. 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर' या बाखच्या संग्रहाच्या पहिल्या भागातली सी मेजर प्रेल्यूड ही छोटी रचना घ्या. बाविसाव्या बारमध्ये (बार म्हणजे तालाचा एक खंड) खालचा सूर एफ शार्प आहे, तेविसाव्यात ए फ्लॅट. मधला जी ओलांडून बाख थेट पुढे जातो आणि ऐकताना किंचित ठेच लागते. हॅम्बुर्गच्या श्वेंके नावाच्या संगीतकाराच्या प्रतीत या दोहोंमध्ये एक जादा बार आहे, खाली जी घेतलेला. ठेच गेली! पियानोवादक चेर्नीच्या १८३७च्या आवृत्तीत तो बार छापला गेला आणि घरोघरी पोहोचला. फ्रेंच संगीतकार गूनोने याच प्रेल्यूडवर 'आवे मारिया'ची चाल बांधली, तीही या जादा बारसकट. बाखच्या १७२२च्या स्वहस्ताक्षरातल्या प्रतीत तो नाही. भाविकाने पोथीत सरकवलेल्या ओवीपेक्षा हे वेगळं काय आहे?

आता 'उर्टेक्स्ट'. जर्मनमध्ये 'उर' म्हणजे आद्य, तेव्हा 'मूळ संहिता' शब्दशः बरोबर. अडचण वस्तुस्थितीची आहे. त्याच संग्रहाचा दुसरा भाग घ्या. एक प्रत लंडनला आहे, बाख आणि त्याची पत्नी आना माग्दालेना यांच्या हातची, काही पानं हरवलेली. दुसरी त्याचा शिष्य (आणि पुढे जावई) आल्टनिकोलने १७४४ मध्ये केलेली. बाखच्या काही दुरुस्त्या एकीत आहेत, दुसरीत नाहीत. यातली मूळ कोणती? 'नवी बाख-आवृत्ती' या बाखच्या समग्र रचनांच्या चिकित्सित आवृत्तीने दोन्ही रूपं छापली, ते योग्यच केलं. अशा ठिकाणी 'मूळ संहिता' लिहिलंत की ती कुठल्यातरी कपाटात एकटी जपून ठेवली आहे असा वाचकाचा समज होणार.

शिवाय 'उर्टेक्स्ट' हे आता प्रकाशकाचं बिरुदही झालं आहे. १८९५ पासून बर्लिनच्या कला-अकादमीने या नावाने मालिका काढली. संपादकांनी मनाने घातलेल्या जोर-हळू, जलद-संथ अशा सूचनांना लोक कंटाळले होते, त्यावरचा तो उतारा. १९४८ मध्ये सुरू झालेल्या हेन्ले प्रकाशनाने तो शब्द निळ्या मुखपृष्ठावर आणला. पत्रात एखादा अभ्यासक 'ही कसली उर्टेक्स्ट!' असं खवचटपणे लिहितो तेव्हा त्याचा रोख या बिरुदावर असतो. तिथे 'ही कसली मूळ संहिता' केलंत तर टोमणा बाखला बसेल.

म्हणून 'उर्टेक्स्ट' तसाच ठेवा, पहिल्या उल्लेखाला एक तळटीप द्या. चेर्नीसारख्यांच्या आवृत्तीला 'वादनोपयोगी आवृत्ती' म्हणा. 'सुधारित आवृत्ती' नको, तो अर्थ वेगळा. आणि 'फिंगरिंग'चा (कुठला सूर कुठल्या बोटाने वाजवायचा याचा) उल्लेख आला तर 'बोटांचे आकडे' पुरे. हेन्लेच्या नेहमीच्या उर्टेक्स्ट प्रतींतही ते बहुधा संपादकाचेच असतात, त्यामुळे वाक्यात 'बाखचे' हा शब्द चुकून घुसणार नाही एवढं बघा.