जेम्सने जाणीव नाकारली, तर धर्मानुभव घेणारा कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकन तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०२ मध्ये धर्मानुभवांवर एवढा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि दोनच वर्षांनी ‘जाणीव अस्तित्वात आहे का?’ या निबंधात तिला नकार दिला. मग हे दोन्ही एकाच माणसाचं कसं? मीही इथेच बराच काळ अडकलो होतो.

आधी १९०४ चा निबंध नीट बघा. जेम्स नाकारतो ती ‘वस्तू’ म्हणून कल्पिलेली जाणीव. जाणण्याचं कार्य तो मानतोच. तो उदाहरण देतो वाचक बसलेल्या खोलीचं. सुतारकाम, भिंतीवरचा कागद अशा खोलीच्या इतिहासात मोजली तर ती वस्तू, तुमच्या आयुष्याच्या ओघात मोजली तर तुमच्या मनातला विचार. अनुभव मात्र एकच; या वाटणीआधीच्या अनुभवाला तो ‘शुद्ध अनुभव’ म्हणतो. ‘आतलं’ आणि ‘बाहेरचं’ ही वाटणी मागाहून येते. निबंधाच्या शेवटी तर ‘मी विचार करतो’ यातल्या ‘मी’चा माग काढताना त्याच्या हाती मुख्यतः स्वतःचा श्वास लागतो. मला ही जागा फार धीट वाटते.

आता एडिंबरो विद्यापीठात जेम्सने दिलेल्या गिफर्ड व्याख्यानांकडे (धर्मविषयक व्याख्यानमाला) वळा. १९०२ चा ग्रंथ म्हणजे तीच व्याख्यानं. विसाव्या व्याख्यानात जेम्स म्हणतो, धर्मानुभवात माणसाला आपल्याहून ‘अधिक’ असं काही भेटतं. पलीकडे ते काहीही असो, अलीकडे ते आपल्याच जाणिवेचा अबोध, म्हणजे आपल्या ध्यानात न येणारा, विस्तार असतं. ही अबोधाची कल्पना त्याने अतींद्रिय अनुभवांचा अभ्यासक फ्रेडरिक मायर्सकडून घेतली. जाणीव म्हणजे बंद पेटी असेल, तर असा विस्तार शक्यच नाही. म्हणून १९०४ चा नकार धर्मानुभवाला मारक तर नाहीच, उलट त्याच्यासाठी जागा मोकळी करतो, असं माझं मत आहे. जेम्सचा अभ्यासक डेव्हिड लँबर्थने १९९९ च्या पुस्तकात दाखवलंय की शुद्ध अनुभवाचा विचार जेम्सच्या मनात १८९० च्या दशकातच घडत होता. दुसरा अभ्यासक यूजीन टेलर याने जेम्सच्या १८९६ च्या लोवेल व्याख्यानांची (बॉस्टनमधली जाहीर व्याख्यानं) टिपणं जुळवून संमोहन, उन्माद (हिस्टेरिया), दुभंग व्यक्तिमत्त्व यांचा धागा उलगडला. त्यामुळे दोन जेम्स मानायचं कारण उरत नाही.

सगळ्यात कठीण आक्षेप धर्माचा अभ्यासक वेन प्राउडफुट याचा (१९८५). झाडाच्या ओंडक्याला अस्वल समजून एखादा घाबरला, तर त्याच्या भीतीचं वर्णन करताना अस्वल वगळता येत नाही. पण ती भीती का वाटली हे सांगायला अस्वल लागत नाही. धर्मानुभवाचंही तसंच : त्याच्या वर्णनात ईश्वर वगळता येत नाही, पण तो का आला हे सांगायला ईश्वर लागत नाही; आणि अनुभव घेणाऱ्याच्या श्रद्धा व संकल्पना त्या अनुभवातच विणलेल्या असतात. जेम्सने गूढानुभवाच्या व्याख्यानांत विवेकानंदांच्या ‘राजयोगा’तून समाधीचं वर्णन घेतलंय. ते वाचताना हा आक्षेप मला खरोखर टोचतो : समाधी हा शब्द, ती साधना, ती परंपरा बाजूला काढली तर मागे ‘निव्वळ अनुभव’ किती उरेल? जेम्सकडे याचं पुरेसं उत्तर आहे असं मला वाटत नाही. तत्त्वज्ञ चार्ल्स टेलरची तक्रार वेगळी : एकांतातल्या माणसाचा धर्म बघताना समूहाचा धर्म निसटतो.

मी सुचवेन तो क्रम : आधी १९०४ चा निबंध, मग व्याख्यानं १६, १७ आणि २०, त्यानंतरच प्राउडफुट. मी उलट क्रमाने गेलो आणि जेम्सशी बराच काळ अन्याय केला.