धिंगरीला हवा हवी

प्रश्न : पहिल्यांदाच घरी धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) लावली आहे. पेंढ्याची पिशवी अठराव्या दिवशी पूर्ण पांढरी झाली. मग तिला भोके पाडून, ओल टिकावी म्हणून, झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवली आणि डबा कपाटात. आता बोटभर लांब बारीक देठ आले आहेत, टोकाला छत्री मात्र टाचणीच्या डोक्याएवढीच. बियाणे खराब निघाले का?

उत्तर : नाही, बियाणे चांगलेच आहे. खराब बियाण्याची पिशवी अठरा दिवसांत अशी पांढरीशुभ्र होत नाही. तुमच्या धिंगरीचा जीव कोंडला आहे, एवढेच.

अळिंबी झाडासारखी नाही. ती आपल्यासारखाच प्राणवायू घेते आणि कर्बवायू सोडते. रानात ती वाळलेल्या लाकडात वाढते. लाकडाच्या आत कर्बवायू साठलेला असतो, तिथे छत्री उघडून उपयोग नाही. छत्रीखालच्या पडद्यांमधून बीजाणू, म्हणजे अळिंबीची धुळीसारखी बारीक बीजे, उडायची तर मोकळी हवा लागते. म्हणून कोंडलेल्या जागी ती देठ लांबवत राहते आणि बाहेर आल्याची खूण पटली की मग छत्री पसरते. तुमच्या डब्यात ती खूण मिळालीच नाही. ते लांब देठ पाहून मला वाईट वाटते, कारण तुमची सगळी मेहनत बरोबर होती आणि शेवटच्या आठवड्यात झाकण आड आले.

ही चूक बहुतेकांची होते, कारण दोन टप्प्यांची गल्लत होते. पांढरे तंतू पेंढ्यात पसरत असतात तेव्हा बंद पिशवी, कमी हवा, अंधार, सगळे चालते. कोंब धरायची वेळ आली की गरजा उलटतात : भरपूर ताजी हवा, दमटपणा, थोडा उजेड. वर्तमानपत्र सहज वाचता येईल इतका उजेड पुरे. थेट ऊन नको.

आता असे करा. आलेले लांब देठ मुळाशी धरून काढून टाका. पिशवी डब्यातून आणि कपाटातून बाहेर आणा, सावलीच्या, वारा खेळता असलेल्या जागी टांगा. पंख्याखाली मात्र नको. माझी पहिली पिशवी मी हवेच्या हौसेने पंख्याच्या झोतात ठेवली होती. संध्याकाळी मोत्यांसारखे दिसणारे कोंब सकाळी तपकिरी होऊन सुकले होते. ती तारीख अजून माझ्या वहीत आहे. तेव्हापासून मी पिशवीच्या तिन्ही बाजूंना जुनी सुती चादर सैल टांगते, खालून-वरून वीतभर जागा मोकळी सोडते आणि दिवसातून तीन-चार वेळा चादरीवर पाणी फवारते. दमटपणा ८०-९० टक्क्यांच्या आसपास राहतो, हवाही येत-जात राहते. कोवळ्या कोंबांवर थेट पाणी मारू नका. थेंब साचून राहिले की ते पिवळे पडतात आणि कुजतात.

छत्रीची कड खाली वळलेली असते तोवरच काढणी करा. कड सपाट होऊ लागली की उद्यावर ढकलू नका. एकेक छत्री न कापता पूर्ण झुबका धरून पिरगळून काढा, बुडखा मागे राहिला तर सडतो आणि चिलटे येतात. पुढचे पीक साधारण आठ-दहा दिवसांनी दिसू लागते. पहिले सर्वांत भारी असते, एका पिशवीतून तीन पिके सहसा मिळतात.

प्रश्न : बियाणे भरल्यावर दहाव्या दिवशी पिशवीत रुपयाएवढा हिरवा डाग दिसतो. तेवढा भाग कापून काढला तर चालेल का? एका कोपऱ्यात पिवळसर पाणीही साठले आहे.

उत्तर : पिवळ्या पाण्याची काळजी नको. तंतू स्वतःच असा द्रव सोडतात, थोडा असेल तर पीक येतेच. हिरव्याचे तसे नाही. ती बहुधा ट्रायकोडर्मा बुरशी आहे आणि हिरवा रंग म्हणजे तिचे बीजाणू पिकले. पिशवी उघडून कापलीत तर ते घरभर उडतील. बंद आहे तशीच घराबाहेर न्या आणि बाकीच्या पिशव्यांपासून दूर टाका.

पुढच्या वेळी पेंढा ७० ते ८० अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. त्याहून कडक, पूर्ण निर्जंतुक करण्याचा मोह टाळा. बेताच्या उष्णतेत टिकणारे काही उपयोगी जिवाणू पेंढ्यात उरतात आणि उपऱ्या बुरशीला रोखून धरतात. पूर्ण निर्जंतुक पेंढा म्हणजे रिकामे घर, जो आधी शिरेल त्याचे. मग निथळू द्या. मूठभर पेंढा घट्ट आवळल्यावर एखाददुसरा थेंब यावा, धार लागली तर अजून ओला आहे. पूर्ण थंड झाल्यावरच बियाणे मिसळा, गरम पेंढ्यात ते मरते. एक किलो कोरड्या पेंढ्याला मी १०० ग्रॅम बियाणे घेते. तंतू जितक्या लवकर पसरतील तितकी हिरव्याला जागा कमी.

प्रश्न : पीक जोरात आहे, पण घरात सारखा खोकला येतो. संबंध असेल?

उत्तर : असू शकतो. धिंगरी फार बीजाणू सोडते. खालच्या छत्र्यांवर पांढरी भुकटी दिसते ती त्यांचीच. पहिल्या वर्षी पिशव्या माझ्या झोपायच्या खोलीत होत्या, रात्री खोकल्याने जाग यायची. जागा बदलल्यावर तो थांबला. पिशव्या निजायच्या खोलीतून आजच हलवा, काढणी लवकर करा, काढताना मास्क लावा. घरात दम्याचा त्रास कोणाला असेल तर पिशव्या घराबाहेरच ठेवा. खोकल्याबरोबर ताप किंवा धाप असेल तर डॉक्टरांकडे जा आणि घरी अळिंबी लावल्याचे आवर्जून सांगा. पडलेली भुकटी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.