रायफलवर गाल टेकवायचा चीक पीस हलतोय? आधी स्क्रू पिळू नकोस

रायफल रिकामी कर, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत पट्टी) घाल, मगच अ‍ॅलन की हातात घे. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम ०.५ मिलिमीटरचा असतो; गाल किंचित सरकला तरी डोळा साइटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) रेषेतून बाहेर जातो. म्हणून हे दुखणं अंगावर काढू नकोस.

चीक पीस नक्की कुठे हलतो ते बोटांनी चाचपून बघ. बहुतेक वेळा दोष चीक पीस ज्यांवर बसतो त्या दांड्यांवरच्या तेलाचा आणि घामाचा असतो. आताची उंची पेन्सिलीने खुणावून तो काढ, दांड्या आणि क्लॅम्प आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू दे. स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळ. जोर लावू नकोस, अ‍ॅल्युमिनियमचे आटे लगेच जातात आणि मग खर्च वाढतो. तरीही ढिला पडत असेल तर धातूच्या आट्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब पुरे. लाल नको, आणि प्लॅस्टिकजवळ तर कुठलाच नको.

शेवटी पोझिशन घे, डोळे मिटून गाल टेकव, मग डोळे उघड. मान न हलवता फोरसाइट (पुढची साइट) डायॉप्टरच्या (मागच्या, बारीक भोकाच्या साइटच्या) मधोमध दिसली, तर उंची बरोबर आहे. आटेच गेले असतील तर आर्मररकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) दे.