ज्यू परंपरेतील वाणीचा अभ्यास कुठून सुरू कराल?

थेट कबालात, म्हणजे ज्यू गूढविद्येत, उडी मारू नका. देवाने ‘प्रकाश होवो’ म्हटले आणि प्रकाश झाला, जग दहा उच्चारांनी घडले, हे सगळे वाचायला भारीच वाटते. पण ज्यू परंपरेत वाणीचे सामर्थ्य उमगते ते रोजच्या बोलण्याच्या नियमांतून.

सुरुवात ‘लाशोन हारा’पासून करा. नवख्यांचा गोंधळ इथेच होतो: “पण मी खोटं कुठं बोलतोय?” खोटी बदनामी हा वेगळा, त्याहून मोठा दोष. लाशोन हारा म्हणजे खरीच, पण दुसऱ्याला कमीपणा आणणारी गोष्ट विनाकारण सांगणे. तालमूद, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या चर्चेचा मोठा ग्रंथ, म्हणते, त्याने तिघे मरतात: बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याविषयी बोलले तो. म्हणजे नुसते कान देणारेही सुटत नाहीत.

हे नियम नीट लावून दिले रादिन गावच्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) इस्राएल मेइर कागान यांनी, १८७३च्या ‘हाफेत्स हाईम’ या ग्रंथात. सावकाश वाचा, आणि अपवादांचा भाग मुळीच गाळू नका. भागीदारी किंवा सोयरीक ठरताना समोरच्याचे नुकसान टळणार असेल, तर अटी पाळून सांगावेच लागते. अर्धवट वाचून लोक अन्यायापुढेही तोंड शिवून बसतात, ते मला पटत नाही.

मग ‘ओनाआत देवारिम’, शब्दांनी दुखावणे. मिश्ना, म्हणजे तालमूदचा मूळ गाभा असलेली नियमसंहिता, सांगते, घ्यायचे नसेल तर दुकानदाराला भाव विचारू नये. (आपले बाजार ओसच पडतील!) पश्चात्ताप केलेल्याला जुनी कृत्ये ऐकवू नयेत, हेही तिथेच आहे.