शॉर्टफिल्म आणि गनिमी कावा

प्रश्न: आम्ही चौघं मित्र, सगळे नोकरीवाले. शॉर्टफिल्म करायचीय. स्क्रिप्टमध्ये लग्नाचा हॉल, रेल्वे स्टेशन, पोलीस चौकी सगळं आहे, बजेट नाही आणि सुट्ट्या कधीच जुळत नाहीत. एकजण म्हणतो गनिमी कावा करू, परवानगी वगैरे सोडा, मोबाइल घेऊन घुसायचं आणि शूट करून पळायचं. जमेल का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर: घुसायचं आणि पळायचं एवढ्यालाच गनिमी कावा म्हणायचं हे रील्सवाल्यांचं ज्ञान झालं. लाल महालच बघा ना, एप्रिल १६६३. शाहिस्तेखान पुण्यात मोठी फौज घेऊन बसलेला आणि महाराज निवडक माणसं घेऊन थेट त्याच्या मुक्कामाच्या जागी शिरले, पण ती जागा कुठली तर जिथं ते स्वतः लहानाचे मोठे झाले तीच! कुठली भिंत कुठं, कुठलं दार कुठं उघडतं सगळं पाठ. शिवाय काम झाल्यावर बाहेर कसं पडायचं हेही आधीच ठरलेलं. खानाची बोटं तुटली हे सगळ्यांना आठवतं, ही तयारी मात्र कुणी सांगत नाही.

तर तुमचा लाल महाल कुठला ते आधी शोधा. कुणाच्या तरी आजोळचा वाडा असेल, सोसायटीची गच्ची असेल, काकांचं गॅरेज असेल, जिथं सकाळी सातला ऊन कुठून येतं, पाण्याची मोटर कधी सुरू होते नि आवाजाची वाट लावते, किल्ली कुणाकडे असते हे तुम्हाला न विचारता माहितीये. गोष्ट तिथं नेऊन बसवा. स्टेशनवर विनापरवाना शूट करायला जाल तर आरपीएफवाले धरतील आणि तिथं तुमची ओळख ना पाळख.

उंबरखिंडीत (१६६१) शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान, त्याचं हेच झालं, एवढी मोठी फौज पण अनोळखी जंगल, चिंचोळी वाट, पुढून-मागून रस्ता बंद, शेवटी खंडणी देऊन सुटला बिचारा. स्क्रिप्टमधला तो लग्नाचा हॉल म्हणजे तुमच्या गळ्यात पडलेली तसलीच फौज आहे, दोनशे माणसं जमवायची, जेवू घालायची, कोण करणार?

कापायला जिवावर येतं मान्य. पण १६६५ ला पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले, १२ ठेवले, आणि १६७० पासून परत घ्यायला सुरुवात केलीच की, सिंहगड त्यातलाच. हॉलचा सीन वहीत राहू द्या, पुढच्या फिल्मला होईल. पोलीस चौकीचं काम एका फोनकॉलवर भागतं, पलीकडचा नुसता आवाज ठेवा.

सुट्ट्यांचं म्हणाल तर अख्खा दिवस मागूच नका. तालमी ऑफिसनंतर कुणाच्याही हॉलमध्ये फर्निचर सरकवून करा, शॉट आधी कागदावर ठरवा, मग रविवारी सकाळी दोन-अडीच तासांत एक सीन उरकतो. आणि निघायच्या आधी, चहाला जायच्या आधी, फुटेज दोन ठिकाणी कॉपी झालंय का ते चौघांपैकी एकानं बघायचं, तो एक कोण हे आदल्या रात्रीच ठरवा.