कॅमेऱ्याचे कार्ड खाऱ्या हवेने जाते, असे म्हणणाऱ्यांसाठीही हे उत्तर

आपण विचारले आहे की, नवा डीएसएलआर कॅमेरा घेतला आहे, मार्चमध्ये कोकणच्या किनाऱ्यावर वेळासला कासवांची पिल्ले टिपायला जायचे आहे, तर भरवशाचे मेमरी कार्ड कोणत्या कंपनीचे घ्यावे आणि १२८ जीबीचे एकच घ्यावे की ३२ जीबीची चार. शेवटी जाता जाता आपण लिहिले आहे, “कोकणातल्या खाऱ्या हवेने कार्डे लवकर बिघडतात असे ऐकले आहे.” मूळ प्रश्नाला उत्तर देणारे पुष्कळ भेटतील, मी लिहायला बसलो तो या शेवटच्या वाक्यामुळे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे आणि लग्ने, मुंजी, शिमगा, गणपती हे सगळे मी याच हवेत टिपत आलो आहे. हे वाक्य माझ्या एका आतेभावाच्या तोंडी मी इतक्या वेळा ऐकले आहे की, ते आता परक्यांच्या प्रश्नातही येऊ लागलेले पाहून राहवले नाही.

कंपनीचे आधी आटोपतो. सॅनडिस्क, सोनी, किओक्सिया, सॅमसंग, लेक्सार यांपैकी कोणाचेही अस्सल कार्ड आपल्या कामाला पुरेसे आहे. कॅमेऱ्यात बसते त्या एसडी कार्डाचे मानक १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता म्हणजे आजची पॅनासॉनिक, आणि तोशिबा या तिघांनी मिळून आणले. तोशिबाचा तो व्यवसाय २०१९ पासून किओक्सिया या नावाने चालतो. लेक्सार हे नाव अमेरिकेतल्या मायक्रॉनकडे होते, ते २०१७ मध्ये चीनमधल्या लाँगसिसकडे गेले. नाव तेच राहते आणि मागचा मालक बदलतो, म्हणून “आम्ही वर्षानुवर्षे हीच कंपनी वापरतो” या युक्तिवादाला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. वरच्या वाक्यातला महत्त्वाचा शब्द अस्सल हा आहे.

त्या आतेभावाला आम्ही दादा म्हणतो. तो मुंबईला नोकरीला असतो, शिमग्याला आणि गणपतीला गावी येतो, आणि त्याला फोटोग्राफीची मनापासून आवड आहे. एका शिमग्याला गावच्या मुंबई मंडळाने पालखीच्या फोटोंचे काम माझ्याकडे दिले होते. पालखी देवळातून निघून सहाणेवर, म्हणजे ती जिथे बसवतात त्या ओट्यावर, येईपर्यंत आणि पुढे घरोघरी फिरेपर्यंत एका माणसाला सगळीकडे पोहोचता येत नाही, म्हणून दुसरा कॅमेरा दादाने सांभाळायचा असे ठरले. त्याच्याजवळ एका नामांकित कंपनीचे नाव छापलेले २५६ जीबीचे कार्ड होते. मी ६४ जीबीला जेवढे मोजतो त्याहूनही कमी पैशांत ते त्याला मुंबईत मिळाले होते, आणि ती खरेदी तो आल्यापासून प्रत्येकाला सांगत होता. आदल्या रात्री मी त्याला म्हटले, “दादा, एकदा तपासून घे, माझ्या संगणकावर लावून ठेवतो.” त्यावर तो म्हणाला, “सीलबंद पाकिटातलं आहे रे, त्यात काय तपासायचं? तुम्हा धंदेवाल्यांना महाग ते चांगलं वाटतं.” वयाने मोठा माणूस, घरात पाहुणे आलेले, मी विषय तिथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी त्याने दिवसभर मनापासून काम केले, हे मान्य केले पाहिजे. रात्री कार्ड संगणकाला लावले तेव्हा सगळ्या फायली दिसत होत्या, नावे बरोबर, आकार बरोबर. देवळातले फोटो उघडले, मानकरी, गुरव, ढोलवाले, सहाणेवर नाचणारी पालखी, सगळे स्वच्छ. मग एक फोटो असा उघडला की, वरच्या भागात आमच्या आतेच्या दाराचे आंब्याच्या पानांचे तोरण आणि पालखीचा छत, आणि त्याखाली फोटोभर सपाट करडा रंग. त्या करड्या भागात आते देवीची ओटी भरत होती. त्याच्या पुढची एकही फाईल उघडली नाही.

दादाने तिथल्या तिथे निदान केले, “इथली हवाच खारी. तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक वस्तू टिकतच नाहीत.” मुंबईही समुद्रातच आहे, हे त्याला सुचवून पाहिले.

ते कार्ड बनावट होते. अशा कार्डात चिप लहानच असते, पण तिच्यावर देखरेख करणाऱ्या कंट्रोलरला खोटे बोलायला शिकवलेले असते. दहा मणांची कणगी आणि पावती शंभर मणांची, असा तो प्रकार आहे. कॅमेरा विचारतो, जागा किती? कार्ड सांगते, २५६ जीबी. खरी जागा भरेपर्यंत सगळे सुरळीत चालते. त्यानंतर येणारा मजकूर काही कार्डे सरळ टाकून देतात, तर काही सुरुवातीच्या फोटोंवरच लिहीत सुटतात. फायलींची नावे आणि आकार यांची नोंद कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून यादी शाबूत दिसते. फोटो काढल्या क्षणी पडद्यावर जी प्रतिमा उमटते ती कॅमेऱ्याच्या स्वतःच्या स्मृतीतून येते, त्यामुळे काढणाऱ्याला शंकाही येत नाही. अर्धा उघडलेला फोटो नेमका खऱ्या जागेच्या सीमेवर पडला होता. त्याच्या आधीचा प्रत्येक फोटो धड आणि नंतरचा प्रत्येक गेलेला, अशी सुरीने कापल्यासारखी रेघ खाऱ्या हवेला आखता येत नाही.

मी त्याच रात्री ते कार्ड एच-टू-टेस्ट-डब्ल्यूने तपासून दाखवले. जर्मनीतल्या सी-टी या संगणकविषयक नियतकालिकाच्या परिवारातून आलेले हे छोटे मोफत साधन विंडोजवर चालते. मॅक आणि लिनक्ससाठी एफ-थ्री आहे. ही साधने कार्ड काठोकाठ भरतात, भरलेले परत वाचतात आणि किती शाबूत राहिले ते सांगतात. उत्तर आले, साडेसात जीबीच्या आसपास खरे, बाकीचे गेलेले, म्हणजे आतमध्ये ८ जीबीची चिप होती. दादाने ते वाचले आणि म्हणाला, “फुकटातलं सॉफ्टवेअर, त्याच्यावर काय विश्वास ठेवायचा?” फुकटात पडल्यासारखे कार्ड ज्याला विश्वासाचे वाटले, त्याच्या तोंडी हे वाक्य मला फार मोलाचे वाटले. तेच कार्ड मुंबईच्या हवेत तपासून पाहा, असे मी तेव्हा सांगितले आणि नंतरही सांगत आलो. त्याने अजून तपासलेले नाही. तो हे वाचणार नाही, पण त्याची मुले वाचतील अशी आशा आहे.

तेव्हा भरवशाचे कार्ड निवडण्याची माझी रीत अशी आहे की, पक्के बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे आणि पहिला फोटो काढण्याआधी ते संपूर्ण भरून तपासावे. ऑनलाइन घेताना संकेतस्थळ नामांकित असून भागत नाही, त्यावर प्रत्यक्ष विकणारा कोण आहे ते पाहावे लागते. पाकीट, सील आणि होलोग्राम यांची नक्कल कार्डापेक्षाही चांगली होते. आजीवन वॉरंटीवरही भाळू नये, कारण त्यात कार्ड बदलून मिळते, आतेचा फोटो मिळत नाही.

वेगाविषयी थोडक्यात सांगतो. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो आणि कॅमेऱ्याला गरज असते लिहिण्याच्या वेगाची. म्हणून व्ही-३० ही खूण पाहावी. तिचा अर्थ असा की, व्हिडिओसाठी सलग लिहिताना वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली जाऊ नये. यू-३ चाही अर्थ तोच. पिल्ले समुद्राकडे निघाली की आपण बटण दाबून धरणार, बफर, म्हणजे कार्डावर जाईपर्यंत फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा, भरणार आणि कॅमेरा थबकणार. ते थबकणे किती लांबते हे याच वेगावर ठरते. मागे संपर्कपट्ट्यांची दुसरी ओळ असलेले महाग यूएचएस-टू कार्ड सर्वसाधारण डीएसएलआरमध्ये चालते, पण यूएचएस-वनच्या, म्हणजे एकाच ओळीच्या साध्या कार्डाच्याच वेगाने, म्हणून तेवढे पैसे वाचवावेत.

आता एक की चार. दादाचा पक्ष एका मोठ्या कार्डाचा आहे, आणि त्याच्या विरुद्ध म्हणून चार लहान कार्डांची भलामण मी करणार नाही. वेळासला पिल्ले सोडतात ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी. दोरीमागे गर्दी असते, फ्लॅश चालवायचा नसतो, उजेड बेताचा असतो, पायाखाली वाळू आणि हाताला घाम असतो. अशा वेळी नखाएवढ्या वस्तूची अदलाबदल करणे म्हणजे ती वाळूत घालवण्याची सोय आहे. दुसरीकडे, दोन दिवसांचे सगळे एकाच कार्डावर असणेही बरे नाही. ६४ जीबीची दोन घ्यावीत. २४ मेगापिक्सेलची रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाईल साधारण २५ ते ३० एमबीची धरली, तर एका कार्डावर दोन हजारांच्या आसपास फोटो मावतात, आणि एक सकाळ एका कार्डावर सहज निघते. कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील तर हा सगळा परिच्छेद विसरावा आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी तोच फोटो लिहिला जाईल असे लावून ठेवावे.

खाऱ्या हवेची बाजू पूर्णच फेटाळली असे होऊ नये, म्हणून हेही लिहितो. कार्डाच्या पट्ट्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, पण कॅमेऱ्याच्या स्लॉटमध्ये, कार्ड रीडरमध्ये आणि बॅगेत मीठ, वाळू, ओल जाते हे खरे आहे. त्याचे लक्षण मात्र वेगळे असते. कॅमेरा कार्ड ओळखतच नाही किंवा कार्ड एरर दाखवतो, आणि पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसल्यावर बहुधा पुन्हा चालू होतो. पावसाळ्यात आमच्याकडे खरी हानी होते ती लेन्सची, कारण आत बुरशी धरते. सिलिका जेलचा डबा त्याच्यासाठी हवाच, त्यातच कार्डेही ठेवावीत. कार्डाच्या कडेची, लिहिणे बंद करणारी कुलपाची खिट्टी तुटली तर कार्ड फेकू नये, त्या खाचेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की कॅमेरा पुन्हा लिहू लागतो.

तपासलेले अस्सल कार्डही कधीतरी दगा देते. तसे झाले तर त्यावर पुढे एकही फोटो काढू नये आणि फोटोरेकसारख्या मोफत साधनाने जे निघेल ते काढून घ्यावे. चुकून पुसलेले किंवा फॉरमॅट झालेले फोटोही वरून नवे लिहिले नसेल तर पुष्कळदा मिळतात. बनावट कार्डाच्या खऱ्या जागेपलीकडचे मात्र काही निघत नाही, कारण तिथे काही लिहिलेच गेलेले नसते. वेळासला घरगुती मुक्कामात रात्री फोटो लॅपटॉपवर आणि शिवाय वेगळ्या डिस्कवर उतरवावेत, आणि दोन्ही ठिकाणी उघडून पाहिल्यावरच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.

६४ जीबीच्या कार्डाची पूर्ण तपासणी साध्या रीडरवर तास-दीड तास चालते आणि मध्येच वीज गेली तर पहिल्यापासून करावी लागते. हे काम निघायच्या आदल्या रात्रीवर ठेवू नये. कार्ड हातात आल्याबरोबर करावे, म्हणजे ते खोटे निघाले तर परत करण्याची मुदत शिल्लक असते.